देवनारचा वर्ग आणि रस्त्याकडेची जमीन

पुणे–सातारा महामार्गावरच्या शिवऱ्यासारख्या गावात गुन्हेगारीचा विषय निघाला की बोलणं फिरून जमिनीवर येतं. गुंठ्याचा भाव चढला की साठेखतं होतात, कुलमुखत्यारपत्रं फिरतात आणि कुणीतरी ‘ताबा मारतो’. अशा टोळ्यांच्या मागचं शास्त्र शिकायचं तर कुठे जायचं? महाराष्ट्रात पहिलं नाव निघतं ते मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं.

संस्था 1936ची, समाजकार्याची शाळा म्हणून सुरू झालेली. गुन्हेशास्त्र तिथे याच दाराने आत आलं. म्हणून तिथला पदव्युत्तर विद्यार्थी फौजदाराच्या नव्हे, कच्च्या कैद्याच्या बाजूने प्रकरण वाचायला शिकतो. संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990पासून तुरुंगात काम करतो: वकील मिळाला का, जामिनाला कुणी उभं राहतंय का, घरी कळवलंय का. पोरगं टोळीत कसं ओढलं जातं ते इथे नीट उमगतं. टोळी पोसणारा पैसा मात्र, माझ्या मते, या खिडकीतून अर्धाच दिसतो.

टोळीकडे पाहण्याची पोलिसांची खिडकी म्हणजे 1999चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, अर्थात मोक्का. मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं, न्यायालयाने घेतलेली त्यांची दखल, गुन्ह्याला किमान तीन वर्षांच्या शिक्षेची तरतूद. हे जुळल्याशिवाय कलम लागत नाही. गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. आरोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू शकते आणि अधीक्षकासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरू शकतो. हत्यार जबरदस्त आहे, पण चालतं ते टोळी मोठी झाल्यावर.

त्याच 1999मध्ये लंडनमध्ये दूरचित्रवाणी निवेदिका जिल डॅन्डो यांचा खून झाला. त्यांच्या नावाने 2001मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ‘क्राइम सायन्स’ची संस्था उभी राहिली. संघटित गुन्हेगारीला तोंड कसं द्यायचं, यावर तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतात. गुन्हेगाराच्या मनात शिरण्याआधी त्याला संधी कशी मिळाली ते बघा, हा या विचाराचा गाभा. त्यांचं लाडकं उदाहरण पश्चिम जर्मनीचं: 1980मध्ये हेल्मेट नसेल तर जागीच दंड सुरू झाला आणि काही वर्षांत मोटारसायकलींच्या चोऱ्या जवळपास एक-तृतीयांशावर आल्या. बिनहेल्मेटचा चोर लगेच पकडला जाऊ लागला ना! (हेल्मेटसक्तीवर तावातावाने भांडणाऱ्या पुणेकरांपैकी हा मुद्दा अजून कुणी मांडल्याचं माझ्या कानावर नाही.)

हीच नजर तलाठी कार्यालयाकडे वळवावी. खरेदीखत झालं की फेरफाराची नोंद धरली जाते, नोटिसा निघतात, हरकतीला 15 दिवस मिळतात. म्हातारा खातेदार गावात, मुलं पुण्यात किंवा मुंबईत, नोटीस कुणाच्या तरी हाती पडलेली आणि बहिणींची नावं सातबाऱ्यावर चढलेलीच नाहीत. ताबा मारणाऱ्याला पिस्तूल फार पुढे लागतं, आधी लागतं ते असं खातं. साठेखतावर साठेखत झालेलं, वारस नोंद रखडलेली, मुखत्यारपत्र देणारा वारलेला. संघटित गुन्हेगारीच्या विद्यार्थ्याला मी पहिल्या सत्रात एका गावचे दहा वर्षांचे फेरफार वाचायला बसवीन आणि वादातल्या गटांपुढे विचारायला लावीन: या नोटिशीवर सही कुणाची आहे?