स्वरूपचं घर

प्रयागराजला आनंद भवन पाहायला येणारे बहुतेक जण जवाहरलालांची खोली आणि त्यांची पुस्तकं पाहून परततात. विजयालक्ष्मी पंडित यांचं बालपण शोधायचं, तर शेजारच्या स्वराज भवनात जायला हवं. मूळचं आनंद भवन ते. त्यांचे वडील मोतीलाल नेहरू यांनी १९३० मध्ये ते काँग्रेसला देऊन टाकलं आणि त्याचं नाव बदललं. आजचं आनंद भवन या मूळ घरानंतर बांधलेलं.

१९०० मध्ये जन्मलेली स्वरूप, म्हणजेच पुढची विजयालक्ष्मी, या जुन्या ऐसपैस वाड्यात वाढली. भाऊ जवाहरलाल हॅरो आणि केंब्रिजला शिकला. तिचं शिक्षण मात्र इंग्रज गव्हर्नेसच्या हाताखाली घरातच झालं. मोतीलालांसारख्या आधुनिक माणसाच्या घरीही मुलामुलीत हा फरक राहिला, हे मला खटकतं. पण या घरात माणसांचा राबता मोठा. आधी इंग्रज अधिकारी आणि बडे वकील, पुढे १९२० मध्ये मोतीलालांनी वकिली सोडल्यावर खादीधारी कार्यकर्ते. परस्परविरोधी माणसांशी अदबीनं, न दबता बोलणं ती इथेच शिकली असावी, असं तिथल्या दालनांतून फिरताना सारखं वाटतं.

१९२१ च्या मे महिन्यात याच घरात तिचं लग्न झालं, कस्तुरबांनी कातलेल्या सुताच्या साडीत. नवरदेव रणजित सीताराम पंडित, मराठी बॅरिस्टर आणि संस्कृतचे जाणकार. ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर त्यांचंच. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सासरी नाव बदललं आणि स्वरूपची विजयालक्ष्मी झाली.

तुरुंगवासानं खंगलेले रणजित १९४४ मध्ये गेले. तीन मुली, मुलगा नाही. तेव्हाच्या हिंदू कायद्यापुढे विधवेचे हात रिकामे राहिले. त्यानंतर दोनच वर्षांत हीच बाई संयुक्त राष्ट्रांत भारताच्या शिष्टमंडळाची प्रमुख म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची बाजू मांडत होती, आणि ठराव दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला. पुढे मॉस्को, वॉशिंग्टन इथली राजदूतपदं आणि लंडनचं उच्चायुक्तपद. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद, जे त्याआधी कुणा स्त्रीला मिळालं नव्हतं. १९६२ मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, म्हणजे एका अर्थानं सासरीच आल्या.

प्रयागराजला गेलात तर स्वराज भवन चुकवू नका. तिथे मोतीलाल आणि जवाहरलाल भेटतीलच. शाळेत न गेलेल्या त्या मुलीसाठीही थोडा वेळ काढा.