'प्रिमिटिव्ह' या इंग्रजी विशेषणाचे संदर्भानुसार अर्थ : आदिलाबाद जिल्ह्यातील कोलाम समाजाच्या अनुषंगाने

प्रस्तावना

विशेषण नामाविषयी विशेष माहिती सांगते, ही व्याख्या विद्यार्थी शालेय वयातच पाठ करतात. परंतु नाम बदलले की त्याच विशेषणाचा अर्थही बदलतो, ही बाब अध्यापनात बहुधा मागे राहते. इंग्रजीतील 'प्रिमिटिव्ह' हे विशेषण याचे ठळक उदाहरण होय. गणितात ते निरुपद्रवी आहे, चित्रकलेत प्रसंगी गौरवाचे आहे, तर माणसांना लावले असता ते कमीपणा दाखवते. आदिलाबाद जिल्ह्यातील कोलाम समाजाच्या शासकीय वर्गीकरणात हा शब्द अनेक वर्षे होता. त्यामुळे त्याच्या अर्थाचा प्रश्न केवळ शब्दकोशापुरता राहत नाही. प्रस्तुत लेखात या विशेषणाचे निरनिराळे उपयोग व त्यांतील अर्थभेद स्पष्ट केले आहेत.

मूळ अर्थ व शास्त्रीय उपयोग

हा शब्द लॅटिनमधील 'प्रिमुस' म्हणजे 'पहिला' या शब्दावरून आला आहे. मूळ अर्थ 'सर्वप्रथमचा' किंवा 'दुसऱ्या कशापासून न निघालेला' असा होतो. शास्त्रांनी हाच अर्थ जपला आहे.

गणितात ३, ४, ५ या काटकोन त्रिकोणाच्या बाजूंच्या त्रिकुटाला 'प्रिमिटिव्ह' म्हणतात, कारण या तीन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. ६, ८, १० हे त्रिकूट त्याच्या दुपटीने तयार होते, म्हणून ते 'प्रिमिटिव्ह' नव्हे. संगणकाच्या जावा भाषेत पूर्णांक, अक्षर यांसारख्या पायाभूत विदा-प्रकारांना हेच विशेषण आहे. व्याकरणात 'प्रिमिटिव्ह वर्ड' म्हणजे मराठीतील सिद्ध शब्द. 'गोड' हा सिद्ध शब्द, तर त्यापासून झालेला 'गोडवा' हा साधित शब्द. चित्रकलेच्या इतिहासात चौदाव्या-पंधराव्या शतकांतील इटालियन चित्रकारांना 'प्रिमिटिव्ह' म्हटले गेले. तेथे या शब्दाला साधेपणाच्या कौतुकाची छटा आहे. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात 'प्रिमिटिव्ह चर्च' म्हणजे अगदी आरंभीचा धर्मसंघ.

या सर्व उदाहरणांत 'प्रिमिटिव्ह' हा शब्द क्रम किंवा मूळ दाखवतो, दर्जा दाखवत नाही.

अर्थाची घसरण

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य विद्वानांनी मानवी समाजांची एक शिडी कल्पिली. लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ मध्ये रानटी अवस्था, अर्धरानटी अवस्था व सुसंस्कृत अवस्था अशा पायऱ्या मांडल्या. एडवर्ड टायलर यांच्या १८७१ च्या ग्रंथाच्या नावातच 'प्रिमिटिव्ह' हा शब्द आहे. शिडीची पहिली पायरी ही सर्वात खालची असते. त्यामुळे 'पहिला' या शब्दाला नकळत 'खालचा' हा अर्थ चिकटला. तसेच आज हयात असलेली माणसे जणू हजारो वर्षांपूर्वीच्या काळात जगत आहेत, असा समज दृढ झाला. फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये या विचाराचे खंडन केले. अशा समाजांतील माणसांची बुद्धी इतरांपेक्षा कमी नसते, असे त्यांनी प्रतिपादन केले. परंतु तोवर हा शब्द प्रशासनात रुजला होता.

भारताच्या १९३१ च्या जनगणनेत आदिवासींसाठी 'प्रिमिटिव्ह ट्राइब्ज' ही संज्ञा होती. अनुसूचित जमाती ठरविण्याच्या निकषांत लोकूर समितीने १९६५ मध्ये 'प्रिमिटिव्ह' लक्षणांचा समावेश केला. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात 'प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप' हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. शेतीपूर्व तंत्रज्ञान, अत्यल्प साक्षरता, स्थिर वा घटती लोकसंख्या आणि जेमतेम निर्वाहाची अर्थव्यवस्था हे त्याचे निकष होते. पुढे या वर्गातील गटांची संख्या ७५ झाली. कोलाम व तोटी हे आदिलाबादमधील दोन समाज त्यात आहेत.

आदिलाबादमधील वस्तुस्थिती

कोलाम समाज आदिलाबाद तसेच महाराष्ट्रातील यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांत राहतो. नांदेडमधील किनवट हा भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच होता. कोलामांची कोलामी भाषा द्राविडी कुळातील आहे. भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी १९५५ मध्ये तिचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले.

शेतीपूर्व तंत्रज्ञानाचा निकष या समाजाला लावताना अडचण येते. कोलाम डोंगरउतारावर जंगल साफ करून ज्वारी व भरड धान्ये पिकवीत असत. ही फिरती शेती होती, पण ती शेतीच होती. जंगले राखीव झाल्यावर त्यांची ही जमीन गेली. म्हणजे ज्या गरिबीला 'आदिम' म्हटले गेले, तिचा मोठा भाग आधुनिक वनकायद्यांनी घडविलेला होता. याच जमिनीच्या प्रश्नावरून कुमराम भीम यांनी जोडेघाट परिसरात लढा दिला. १९४० मध्ये ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे या भागाचा अभ्यास सोपविला. त्यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड मुलांसाठी शिक्षणकेंद्र सुरू झाले व गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली.

फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदविलेली एक बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. गोंड लोक कोलामांना 'पुजारी' म्हणतात. कोलाम या भूमीवर अधिक जुने, म्हणून स्थानिक देवतांशी त्यांचे नाते अधिक जवळचे, अशी गोंडांची श्रद्धा आहे. अर्थात शेजारच्या समाजाने ज्या 'पहिलेपणा'मुळे कोलामांना मान दिला, त्याच पहिलेपणामुळे सरकारी कागदावर ते सर्वात खालच्या पायरीवर गेले. तोटी हे तर गोंडांच्या कथा-वंशावळी गाऊन जतन करणारे पारंपरिक गायक. तरीही दोघांना एकच विशेषण लागले.

अनुवादाचा प्रश्न

या विशेषणाला मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही. गणितात 'मूळ', संगणकशास्त्रात 'पायाभूत', व्याकरणात 'सिद्ध' असे शब्द योग्य ठरतात. समाजाविषयी 'रानटी' वा 'मागासलेला' म्हणणे हा अनुवाद नसून निवाडा आहे. 'आदिम' या शब्दात 'आदि' म्हणजे आरंभ आहे, म्हणून तो तुलनेने सौम्य वाटतो. परंतु आज जगणाऱ्या माणसांना तो भूतकाळात ढकलतो, हा दोष राहतोच. उर्दूतही 'इब्तिदाई' हा शब्द इब्तिदा म्हणजे आरंभ यावरून आला आहे. 'इब्तिदाई तालीम' म्हणजे प्राथमिक शिक्षण, यात कमीपणा नाही. 'इब्तिदाई इन्सान' म्हटले की मात्र गुहेत राहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

केंद्र शासनाने २००६ मध्ये 'प्रिमिटिव्ह' हा शब्द वगळून या वर्गाचे इंग्रजी नाव बदलले. मराठीत त्याचा आशय 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' असा होतो. २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम-जनमन योजना याच गटांसाठी आहे. नव्या नावातील विशेषणाचे मराठी करतानाही तारतम्य हवे. 'दुर्बल' म्हटल्यास उणीव माणसांत असल्याचे सूचित होते, 'असुरक्षित' म्हटल्यास ती परिस्थितीत असल्याचे कळते.

निष्कर्ष

'प्रिमिटिव्ह' हे विशेषण संख्येला, शब्दाला वा चित्राला लागते तेव्हा ते क्रम किंवा मूळ सांगते. समाजाला लागते तेव्हा बोलणाऱ्याने आधीच ठरविलेला दर्जा सांगते. म्हणून हा शब्द शिकविताना शिक्षकांनी तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल : विशेषण कोणत्या नामाला लागले आहे, ते क्रम सांगते की दर्जा, आणि ज्याला ते लागले तो स्वतःला काय म्हणतो. आदिलाबाद, किनवट वा यवतमाळच्या वर्गात पाठ्यपुस्तकातील हा शब्द वाचणारा विद्यार्थी स्वतः कोलाम असू शकतो, हे ध्यानात घेता तिसरा प्रश्न सर्वात आधी विचारला जाणे इष्ट आहे.