सेन्सर बदलण्याआधी लाट पाहा

गाडी तापली की बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा सुरू होते. स्कॅनरवर पी०३३५ हा कोड दिसला, की बऱ्याच गॅरेजांत थेट क्रँक सेन्सर बदलतात. पण क्रँकच्या सिग्नलच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढंच हा कोड सांगतो. बिघाड नेमका कुठे आहे, ते स्कोपवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, सिग्नलची लाट पाहिली की दिसतं.

माझ्याकडे अशीच एक गाडी आली. सेन्सर दुसरीकडे बदलून झाला होता, तक्रार कायम होती. सेन्सर इंडक्टिव्ह, म्हणजे आत चुंबक आणि कॉइल. सेन्सरसमोर क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकावर ६० दातांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. दात समोरून गेला की कॉइलमध्ये व्होल्टेज चढतं आणि उतरतं. ५८ लाटा, मग मोकळी जागा. त्या जागेवरून क्रँक कुठे आहे हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ओळखतो. मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना ती जागा सेकंदाला ५० वेळा येते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. मधेच हरवलेल्या लाटा त्याला दिसत नाहीत.

स्कोपचा एक प्रोब सेन्सरच्या कनेक्टरवर लावला, दुसरा ईसीयूच्या पिनवर. स्टार्टर मारताना लाटा बुटक्या असतात, वेगाबरोबर उंच होतात. दात तुटला असेल तर दर फेरीत त्याच ठिकाणी लाट बिघडते. चाक वाकडं फिरत असेल तर प्रत्येक फेरीत उंची वाढते नि उतरते. सेन्सर चाकापासून लांब बसला असेल तर सगळ्याच लाटा खुजट. इथे यातलं काहीच नव्हतं.

इंजिन तापू दिलं आणि वायरिंग हाताने हलवत पुढे गेलो. एका क्लॅम्पपाशी पोचताच ईसीयूकडची रेघ सपाट झाली. सेन्सरकडच्या लाटा मात्र इंजिन थांबेपर्यंत येत राहिल्या. वायर वरून धड दिसत होती. सोलली तेव्हा आतली तांब्याची तार तुटलेली निघाली, टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. डाग देऊन ती जोडली. दोन्ही वायरींची अदलाबदल होणार नाही, याची काळजी घेतली. कारण तसं झालं तर लाट उलटी होते आणि ईसीयूची वेळ चुकते.

नवा सेन्सर गरजेचा नव्हताच. म्हणून गाडीमालकांना सांगणं एकच: कोड दाखवून कुणी सेन्सरचं बिल करू लागलं, तर आधी त्याची लाट दाखवायला सांगा.