करोलबागेतली भट्टी, जून २०२१

सकाळी ६.४५
९ जून, बुधवार. करोलबागेतला रैगरपुरा. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तात्या उठतात आणि आधी फोन बघतात. गाव विट्याजवळचं, खानापूर तालुक्यातलं. या तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली, त्यामुळे गावाच्या ग्रुपवर कोईमतूरपासून अमृतसरपर्यंतचे मेसेज. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नुसते हार घातलेले फोटो यायचे. आज वाढदिवसाचे दोन केक. “आज कोण गेलं न्हाई,” तात्या म्हणतात आणि ब्रश तोंडात घालतात.

सकाळी ८.००
भाचा भाकऱ्या थापतोय. वय चोवीस. ज्वारीचं पीठ गावाकडून आलेलं, ते पुरवून वापरायचं. त्याचा पगार महिना १२,०००, खाणं-राहणं मामाकडं. गेल्या वर्षी तो गावी गेला होता. वेशीवरून थेट शाळेत, चौदा दिवस विलगीकरणात. आईनं डबा फाटकाला अडकवायचा आणि मागं सरायचं. या वर्षी तो गेलाच नाही.

सकाळी १०.००
शटर वर. १९ एप्रिलच्या रात्रीपासून बंद असलेला बाजार सोमवारी उघडला, तोही सम-विषम. आज यांच्या नंबराला मुभा आहे, समोरच्या गाळ्याला कुलूप. गाळा सहा बाय दहाचा, भाडं महिन्याला २२,०००. दोन महिन्यांचं थकलं होतं, त्यातलं निम्मं मालकानं सोडलं. सॅनिटायझरची बाटली दाराबाहेर, खिळ्याला टांगलेली. ते स्पिरिट, आत जाळ. पहिल्या लाटेत एकदा हात ओले असतानाच भाचा भट्टीकडे वळला होता. तेव्हापासून बाटली बाहेर.

सकाळी ११.१०
पहिली पुडी. सराफाचा पोऱ्या लक्ष्मीनगरहून येतो. मेट्रोत निम्मीच माणसं घेतात, म्हणून स्टेशनबाहेर रांग. “पौन घंटा धूप में खडा रहा, चाचा.” पुडीत दोन पाटल्या, एक साखळी, कानातली. वजन ३८.४२० ग्रॅम. तात्या आकडा मोठ्यानं वाचतात, पोऱ्या काट्याचा फोटो काढतो. पाटल्या पोकळ, आत लाख. ती आधी जाळून काढायची. मग दागिने मुशीत, वर चिमूटभर टाकणखार. गॅस सुरू, ब्लोअर सुरू. सोनं १,०६४ अंशांना वितळतं. तात्यांना अंश लागत नाहीत, रंग कळतो. कांडीनं ढवळून, चिमट्यानं मूस उचलून ते तेल लावलेल्या साच्यात रस ओततात. मूस हातात असताना कुणी बोलत नाही. लगड पाण्यात पडते, चर्र होतं. पुन्हा काटा: ३६.९१०. घट पोऱ्याला पटते, कारण लाख त्यानं डोळ्यांनी बघितलीय. मजुरी १५० रुपये.

दुपारी १२.३०
भाचा लगडीचा कण घेऊन पुढच्या गल्लीत टंच काढायला जातो. मशीन तिथं. नाकाखाली घसरलेला मास्क तो कोपऱ्यावरच वर ओढतो. दंड २,००० रुपयांचा, आणि गाडी तिथंच उभी असते. चिठ्ठी आणतो: ८४.३. सराफाला घेताना बावीस कॅरेट सांगितलेलं, म्हणजे ९१.६ हवं होतं. पोऱ्या चिठ्ठी दोनदा वाचतो. फोन लावतो, बाहेर जाऊन बोलतो.

दुपारी २.००
डबा. भाकरी, वांगं, ठेचा. पंखा बंदच, कारण धूळ उडते आणि या धुळीला भाव आहे. झाडलेला केर, हात धुतलेलं पाणी, झिजलेली मूस, सगळं साठवायचं. कापडी मास्कसुद्धा. ते पिशवीत जमवून शेवटी जाळायचे आणि राख केरात मिसळायची. गावाकडे सराफाचा केर धुऊन सोनं काढणारे झारेकरी जे करायचे तेच.

तात्या एप्रिलमध्ये आजारी पडले. ताप नव्हता. एक दिवस तेजाबाच्या बाटलीचं बूच काढलं आणि नाकाला काहीच झोंबलं नाही. तेवढ्यावर त्यांनी शटर ओढलं. सतरा दिवस खोलीत. ऑक्सिजन लागला नाही. शेजारच्या बंगाली कारागिराला लागला.

दुपारी ४.२०
चौथी पुडी. मंगळसूत्राच्या वाट्या. आधी लोक मोड द्यायचे आणि नवं न्यायचे. आता मोडलेलंच जास्त येतं. तोळा अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास हजारांच्या घरात. अक्षय्य तृतीया लागोपाठ दोन वर्षं लॉकडाऊनमध्ये गेली. मी विचारतो, हे कुणाचं असेल? तात्या काटा शून्यावर आणतात. “आपण वजन इचारायचं.” मग काळे मणी चिमट्यानं एकेक काढून कागदात बांधतात. सोन्यात त्यांचं काम नाही. तरी ती पुडी ते पोऱ्याच्या खिशात घालतात. “शेठ को देना. फेंकना मत.”

सायंकाळी ६.१५
चहा दोन, २० रुपये. गॅसची टाकी हलवून बघतात. अर्ध्यावर. १९ किलोची व्यावसायिक टाकी या महिन्यात १,४७३ रुपये ५० पैसे. पूर्वी आठवड्यात संपायची, आता किती पुरेल सांगता येत नाही. भाचा मोबाइलवर लशीचा स्लॉट शोधतोय. खासगीत कोविशील्डला ७८० रुपये, कालच भाव ठरला. २१ तारखेपासून सरकारी फुकट.

“थांबतो की मामा. बारा दिवसांचा तर प्रश्न.”

“दिवसभर कुणाकुणाच्या पुड्या हाताळतोस? आणि मिळतोय का फुकटातला लगेच?”

रात्री ८.००
शिट्टी वाजते. गल्लीतली शटरं एकामागून एक खाली येतात. केर पिशवीत, पिशवी तिजोरीत. उद्या समोरच्यांचा दिवस. यांनी भट्टीची माती लावून घ्यायची. तात्या वही काढतात. पुड्या नऊ, जमा १,३५०. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात वीस-पंचवीस पुड्या असायच्या. खर्चात चहा, टाकणखार, गॅस. तेवढ्यात भाचा ओरडतो, शनिवारचा स्लॉट मिळाला.

“पगारातनं कापणार?”

“निम्मं तुझं, निम्मं दुकानाचं.”

टाकणखाराच्या खालच्या ओळीत तात्या लिहितात: लस, ३९०. उरलेले ३९० भाच्याच्या खात्यावर.