लाजेपोटी लांबलेले निदान
स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियावर होणारा पॅजेटचा रोग हा विरळा कर्करोग दिसतो मात्र इसबासारखा : लाली, खपल्या, न थांबणारी खाज. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ दुब्रेय यांनी १९०१ साली तो नोंदवला; तरीही लाजेपोटी भगिनी महिनोन् महिने मलमेच लावीत राहतात. मलमाने न हटणाऱ्या चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हाच निदानाचा खात्रीचा मार्ग. वेळीच कळल्यास शस्त्रक्रियेने तो काढता येतो. पण तो उलटतो, म्हणून पुढे वर्षानुवर्षे तपासणी हवी. हैदराबादेत मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय १९५५ पासून उभे आहे. परंतु तिथली पायरी चढण्यापूर्वी घरचा उंबरठा ओलांडावा लागतो. त्यासाठी घरच्यांनीच हात द्यावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.