बसता येईना, म्हणून काय झाले?

आमचे शेजारी नाना बागेचे भारी वेडे. गेल्या वर्षी गुडघे गेले, ओणवे होणे बंद झाले आणि नानांनी खुरपे अडगळीत टाकले. दिवसभर आरामखुर्ची! शेवटी मी त्यांना बाबा आमट्यांची गोष्ट सांगितली.

नागपूर विद्यापीठाचे हे वकील तरुणपणी शिकारीचे आणि वेगवान मोटारीचे मोठे शौकीन. पुढे १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले आणि कालांतराने पाठीच्या मणक्यांनी दगा दिला. उभे राहावे, नाहीतर आडवे व्हावे. बसणे म्हणून नाही! मोटारीच्या शौकिनाला याहून मोठी शिक्षा ती कोणती? पण बाबांचा प्रवास काही सुटला नाही. १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण मंडळी सायकलींवर, आणि बाबा बसगाडीत चक्क बिछान्यावर पडून! (डॉक्टरांना काय वाटले असेल, कोण जाणे.)

नाना ऐकून गप्पच राहिले. मला वाटले, रागावले.

आठवड्याने पाहतो तो अंगणातल्या कुंड्या कंबरेइतक्या उंच कठड्यावर चढलेल्या, आणि नाना उभ्याउभ्याच माती उकरताहेत. दिवाळीच्या तोंडावर शेवंतीला कळ्या धरल्या आहेत.