विज्ञानकथा घडते कशी?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरे उलट क्रमाने वाचा म्हणजे उलगडा होईल. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून हा खटाटोप.

विज्ञानाची माहिती असणे वेगळे आणि तिची कथा होणे वेगळे. ती कशी होते हे आपणच एक कथा रचून पाहू.

प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ मंद चालते. समजा, स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या त्रिज्येच्या ४/३ पट अंतरावर एखादे यान इंजिनांच्या जोरावर स्थिर ठेवले. त्रिज्येला अंतराने भागा, भागाकार १ मधून वजा करा आणि वर्गमूळ काढा : १ − ३/४ = १/४, वर्गमूळ १/२. यानातले घड्याळ पृथ्वीवरच्या मानाने निम्म्या गतीने चालेल. ही झाली माहिती. नवोदितांच्या कित्येक कथांत एक प्राध्यापक दुसऱ्याला ती दोन पाने ऐकवतो. पाठ्यपुस्तकात ते शोभते, कथेत नाही.

कथेला माणूस हवा. आंबिवलीचा एक २० वर्षांचा तरुण २००० साली त्या यानातून गेला. घरी १० वर्षांची बहीण. यानात १० वर्षे झाली, तोवर इकडे २० उलटली. (जाण्यायेण्याचा काळ सोडून देऊ, कथाकाराला एवढी सूट असते.) तो परतला तेव्हा दोघेही ३० वर्षांचे!

आता स्थळ. निघताना त्याने आंबिवली स्टेशनातून मोहन्याच्या नॅशनल रेयॉन कारखान्याकडे पाळी गाठायला निघालेले कामगार पाहिले होते. तो कारखाना २००९ साली बंद पडला. २०२० मध्ये परतणाऱ्या भावाला त्या रस्त्यावरची शांतता दाखवा. वीस वर्षे गेली हे सांगावे लागणार नाही.

ही कथा सांगायची कोणी? भावाला घड्याळ मंदावलेले जाणवणारच नाही, कारण त्याची नाडीही तितकीच मंदावलेली असते. वाट पाहिली ती बहिणीने. मी तिलाच निवेदक करीन.

राहिला संघर्ष. त्यासाठी खलनायक लागतोच असे नाही. दारात आपल्याच वयाचा माणूस उभा आहे. त्याला 'दादा' म्हणायला तिची जीभ रेटेल का? सूत्रात याचे उत्तर नाही. ती वीस वर्षे तिने कशी काढली, हे लेखकाने आधी ठरवायला हवे.